पाहुण्याचं अंथरूण

रन्वाच्या लोकरीच्या दुकानामागची खोली.
रात्रीचे साडेअकरा, आणि काचेवर अजून उजेड.
जूनमध्ये आमच्या क्लाक्सविकला अंधार
उंबऱ्यापर्यंत येतो, आत डोकावतो,
चप्पल न काढता परत फिरतो.

टेबलावर तिचा संगणक.
त्याच्या पोटात आणखी एक,
नसलेला, तरी चालणारा.
स्वेटरची नक्षी मांडायचा जुना प्रोग्राम
लिनक्सशिवाय उघडत नाही,
हिशेबाचा विंडोजशिवाय.
भाच्यानं एकात एक बसवून दिले
आणि तो निघून गेला डेन्मार्कला.

तेव्हापासून पडद्याच्या मधोमध
आठशे गुणिले सहाशे,
पोस्टकार्डाएवढा चौकोन,
भोवती सगळं काळं पाणी.

‘आतल्याला पाहुणा म्हणतात,’ मी सांगितलं,
‘बाहेरच्याला यजमान.’
‘तीन वर्षं राहतोय,’ रन्वा म्हणाली,
‘पाहुणा कसला?’

मी पंचवीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळला.
मला एवढंच कळतं, की बिघाड म्हणजे
कुणीतरी कुणाचंतरी ऐकत नाहीये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण याला अंथरूणच दिसत नव्हतं.
किती लांब, किती रुंद,
कुणी सांगितलंच नव्हतं बिचाऱ्याला,
म्हणून हा गुडघे पोटाशी घेऊन निजायचा.

बंद केलं. व्हिडिओ मेमरी सोळाची
एकशे अठ्ठावीस केली.
हावरटपणा केला, थ्रीडीवरही टिचकी मारली.
चालू केलं, तर पोस्टकार्डही गेलं.
निव्वळ काळोख, आणि डाव्या कोपऱ्यात
एक पांढरी रेघ, डोळे मिचकावणारी.

रन्वानं काही न बोलता कॉफी ओतली.
तिचं न बोलणं मला पूर्वीपासून महाग पडतं.

थ्रीडी काढलं. चौकोन परतला.
मग दुभाष्या बसवायला घेतला,
यजमानाचं पाहुण्याला सांगणारा छोटासा प्रोग्राम.
तो अर्ध्यावर अडला: हेडर सापडत नाहीत.
मागच्या कुठल्यातरी अपडेटमध्ये
कर्नल बदललं होतं,
मापं राहिली होती जुन्या अंगाची.
नव्याची मापं उतरवून घेतली.
बाहेर वारा पत्रा वाजवत होता,
टक्केवारी एकसष्टवर थबकली,
आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो
जसं धुक्यात बोटीच्या दिव्याकडे बघतात.

पुन्हा बांधलं. पुन्हा चालू.
एक क्षण काळं, मला घाम,
आणि मग, काही सांगितलं नसताना,
पाहुण्यानं पाय पसरले.
या कडेपासून त्या कडेपर्यंत.

रन्वानं नक्षी उघडली
आणि कप खाली ठेवला.
तिच्या सासूनं मांडलेले ते किनाऱ्यावरचे पक्षी,
काळे-पांढरे, बावीस टाक्यांचे.
नव्हे, चोवीस.
उजव्या कडेला, चौकोनाबाहेर राहिलेले
दोन टाके, तांबडे.

चोच.

तीन वर्षं ती बिनचोचीचे पक्षी विणत होती.
एक्केचाळीस स्वेटर.
हान्स याकूपच्या बोटीवर सगळ्यांच्या अंगावर तेच.
कुणी तक्रार केली नाही, उलट पोरं म्हणायची,
ते मुके पक्षी दे, ते वाऱ्याला हाका मारत नाहीत.

ती हसली, म्हणजे आधी खांदे हलले,
मग आवाज आला.
तांबडी लोकर शोधायला फडताळापर्यंत गेली,
गुंडी हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली.

‘सोमवारी सात द्यायचेत बोटीवर,’ म्हणाली.

गुंडी खिशात घातली, परत येऊन बसली,
माउसनं खिडकीचा कोपरा धरला
आणि हळूच आत ढकलला.
पाहुण्यानं लगेच पाय आखडले.
चोची एकेक करून कडेखाली गेल्या.

‘ऐकतोय आता,’ रन्वा म्हणाली.
‘कॉफी संपव, तुम्मास. गार होतेय.’